'इतर' नावाचा कप्पा

आधीच माफी मागतो. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मोठे शब्दही मला येत नाहीत. आमच्या बंजारा तांड्यात घरोघरी गोरमाटी बोलतात, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथलं बोलणं वऱ्हाडीत उतरवलं आहे. दोनच शब्द तसेच ठेवले. याडी म्हणजे आई आणि भिया म्हणजे मोठा भाऊ. त्यांना दुसरा शब्द लावायला हात धजत नाही. ही गोष्ट बादल नावाच्या पोराची आहे. त्याला मी जवळून ओळखतो, एवढं पुरे.

१

वैशाखातला सोमवार होता. दुपारचा दीड वाजून गेला होता, घराचे पत्रे तापून तडतडत होते, आणि बादल मधल्या खोलीत याडीची पेटी समोर घेऊन बसला होता.

पेटी पत्र्याची, हिरवी, एकट्याला उचलू नये अशी जड. आत बिस्किटांचे, चहाचे, औषधांचे जुने डबे. त्यांत याडीचा आयुष्यभराचा गोतावळा. गोल आरसे, चौकोनी आरसे, फुटक्या आरशांचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे. कवड्या, शिशाचे मणी, लोकरीचे गोंडे, घुंगरू, भोकं पाडलेली बंद नाणी, दोऱ्याच्या लडी. याडीचं नाव जमनाबाई; तिच्या हातच्या आरसेकामाच्या चोळीसाठी मानोरा गावाच्या आसपासच्या तीन-तीन तांड्यांतून बायका यायच्या. कुठल्या डब्यात काय आहे ते फक्त तिला ठाऊक. ती माघात गेली.

बादल बावीस वर्षांचा. माणसांत तोंड उघडत नसे, पण वस्तू जागच्या जागी ठेवायचा त्याला भारी नाद. डबा उघडायचा, फोनवर फोटो काढायचा, नोंदींच्या ॲपमध्ये नाव लिहायचं, 'आरसे, गोल, नखाएवढे', आणि डब्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवायची. ॲपमध्ये त्याने कप्पे केले होते. आरसे, कवड्या, मणी, दोरे. जे कशातच बसत नाही, ते 'इतर'.

हे काम त्याने आणि याडीनेच मिळून सुरू केलं होतं. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला, तेव्हा याडीचा गुडघा धरलेला, म्हणून ती एकटी मागे राहिली. जाताना बादलने आपला जुना फोन तिला दिला. त्यात सिम नव्हतं. समोरच्या रामधनच्या घरचं वायफाय तेवढं पकडायचा. दोन्ही फोनवर खातं एकच. तिला अक्षर येत नव्हतं, पण बादलने तिला शिकवलं होतं: पिवळा चौकोन दाबायचा, मग कॅमेरा, मग हिरवी खूण. ती घरी एकेका डब्याचा फोटो काढायची, आणि तिकडे उसाच्या पाचटाच्या खोपीत बसून बादल संध्याकाळी त्या फोटोला नाव देऊन कप्प्यात टाकायचा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा यायचा. सुयांनी टोचून टोचून खडबडीत झालेला.

"झालं काय तुह्यं?" दारातून उदयसिंगचा आवाज आला. तो बादलचा थोरला भाऊ. तो दुपारचा कधी घरात येत नसे, उंबऱ्याबाहेरूनच बोलायचा. "परवाच्या दिवशी, गुरुवारी, गाडी येते. पेटी द्याची हाय."

"परवा बुधवार हाय," बादल म्हणाला.

"मंग तेरवा. मोठा आला पंचांगवाला."

बादलने मान वर केली नाही. जबड्यात राग धरून तो सुयांचा डबा मांडीवर घेऊन बसला. डब्याला अजून चिठ्ठी लावायची होती.

फोन वाजला. टिंग. नवी नोंद आली होती. नाव नाही, फक्त फोटो.

सुयांच्या डब्याचा फोटो. डबा उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवलेला, झाकण उघडं. कोपऱ्यात अंगठा.

बादलने मांडीकडे पाहिलं. डबा मांडीवर होता. झाकण बंद होतं.

२

त्याने पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेला जुना फोन काढला. त्याची बॅटरी फुगली होती, म्हणून फाल्गुनात बादलनेच ती काढून फेकली होती. मागचं झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत बोट फिरवून पाहिलं, जणू डोळ्यांवर भरवसा नव्हता.

मग दुसऱ्या कोणाच्या फोनवर हे खातं उघडं असणार. दुसरं कोण? तो उठला आणि उन्हातच बाहेर गेला. उदयसिंग कडुलिंबाखाली बाजेवर होता. बहीण संगीता तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

"भिया, याडीच्या खात्यात तू घुसला काय?"

"कोनाच्या खात्यात?"

"मंग फोटो कोन टाकून राह्यलं?"

"अबे, मले माह्या फोनमंधला गजर लावता येत नाई, अन् मी फोटो टाकू?"

"खरं हाय," संगीता हसत म्हणाली. "याचा पहाटं चारचा गजर संध्याकाळी चारले वाजते."

बादलला हसू आलं नाही. "पेटी इकाची एवढी घाई काहून तुले? संगीताच्या लग्नाचा घागरा त्यातूनच होनार होता. याडी तुह्यासमोर बोलली होती."

"बाजारातून आनतो घागरा."

"बाजारातला मले नोको," संगीता म्हणाली. तिचं हसणं गेलं होतं. "याडीनं टाका मलेच शिकवला. पेटी गेली तं मी काय हवेत टाके घालू?"

"तुले इच्यारलं कोनी?"

"तिले नाई इच्याराचं, मले नाई इच्याराचं!" बादलचा आवाज फाटला. एवढं मोठ्याने तो कधी बोललाच नव्हता. शेजारच्या अंगणातली कोंबडी दचकून पळाली. "याडी जाऊन तीन महिने नाई झाले, अन् तू तिचे डबे इकून राह्यला! तुले काय, पडला का झोपला. तिकडंही झोपला, इकडंही झोप!"

उदयसिंग बाजेवरून उठला. मारतो की काय असं वाटलं. पण त्याचा हात खाली गेला.

"झोप म्हनते," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दुपारी मी त्या घरात काहून पाय ठेवत नाई, ते इच्यार ना एकदा मले. इच्यार!"

"काहून?"

उदयसिंगने पायात चपला सरकवल्या. खांद्यावर टॉवेल टाकला आणि भर उन्हात शेताकडे चालू लागला. बादलला वाटलं, चोराला उत्तर कुठून असणार.

३

त्या रात्री विचार करून बादलने कारण शोधलं. याडीने काढलेले काही फोटो तेव्हा अर्धवट अडकले असतील. वायफाय कमी-जास्त होतं. आता ते सुटून येत असतील. फोन बंद असला तरी फोटो तर कुठेतरी वर जाऊन बसतात ना. त्याला ॲपमधलं तेवढं कळत होतं, आणि जेवढं कळत नव्हतं तेवढ्यात हे कारण नीट बसत होतं. सुयांचा डबा तिने कधीतरी उंबऱ्याजवळ ठेवलाच असेल.

मंगळवारी सकाळी त्याने कवड्यांच्या डब्याला १७ नंबरची चिठ्ठी चिकटवली. गोंद जास्त झाला, चिठ्ठी तिरपी बसली. काढून पुन्हा लावावी असं त्याच्या मनात आलं, पण दुपार होत आली होती. तो रामधनकडे गेला.

रामधन ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायचा, घराच्याच ओसरीत शटर लावून.

"या या, बादलशेठ! कोनता फॉर्म? नवरदेवाचा काय?"

"तुह्यं वायफाय बंद कर."

"आता काय बंद करू?" रामधनने फळीवर बोट दाखवलं. वायफायचा डबा उलटा पडला होता, वर धूळ, बाजूला वायर गुंडाळून ठेवलेली. "होळीपासून बंद हाय. मी फोनवरच भागवतो."

बादलने बोटाने ती धूळ पुसून पाहिली. आणि मग तीन महिने आत दाबलेलं बाहेर आलं.

"माघात तुले फोन केला होता मी. याडीले पानी भरून देतो काय म्हनून इच्यारलं. तू म्हनला, दोन माठ भरून ठेवले. अन् तू होता कुठं? जऊळक्याले, सासुरवाडीत!"

"आठ दिवस बापा. साळ्याचं लगन होतं."

"खोटं काहून बोलला?"

"मले वाटलं, असंल तिच्याजवळ पानी. दोन दिवसांनं येतोच म्हटलं." रामधनचा चेहरा पडला. पण माणूस कोपऱ्यात सापडला की नखं काढतो, तशी त्याने काढली. "अन् तू? तूच बोलला ना त्याच फोनवर, का याडीचे फोटो येऊन राह्यले, मंजे बरी हाय? ते ऐकूनच मी आनखी राह्यलो. मी नाई बोललो ते. तू बोलला."

 बादलच्या मुठी वळल्या होत्या, पण त्या कोणावर उगारायच्या ते कळेना.

टिंग.

दोघांनीही फोनकडे पाहिलं. घड्याळात एक चाळीस. कवड्यांचा डबा, उंबऱ्याजवळ, झाकण उघडं. कोपऱ्यात अंगठा. डब्यावर १७ नंबरची चिठ्ठी, तिरपी.

रामधनने तो अंगठा ओळखला. लहानपणी त्याच अंगठ्याने त्याच्या टोपड्यावर कवड्या शिवल्या होत्या.  बादल पायरी उतरतो न उतरतो तोच त्याने भर दुपारी शटर खाली ओढलं.

४

बुधवारी संगीता तांड्याच्या नायकाच्या घरी गेली होती. बादलने मुद्दाम दार उघडं ठेवलं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला माठ त्याने सकाळीच काठोकाठ भरला होता. उंबऱ्यापासून आपल्या पायापर्यंत पांढरं धोतर पसरून त्यावर आरसे ओळीने मांडले. गाडी उद्या येणार होती आणि आरसे तेवढे राहिले होते. तीस-चाळीस गोल तुकडे, आणि प्रत्येकात छताचा एकेक पत्रा.

एक पस्तीस. बाहेर लिंबाखालची बाज रिकामी होती.

आवाज आला. खर्र.

पत्रा तापला, तो मनाशी म्हणाला.

खर्र... खर्र. पत्र्याचा नव्हता. उंदराचाही नव्हता. उन्हाळ्यात ज्याच्या घरी माठ तळाला गेला आहे, त्या प्रत्येकाला हा आवाज ठाऊक असतो. शेवटचं घोटभर पाणी घ्यायला गिलास माठाच्या बुडाशी खरडतो, तो आवाज. मातीवर स्टील. थांबून थांबून, दम खात.

तो उठून कोपऱ्यात गेला. माठ काठोकाठ भरलेला. पाण्यावर सुरकुतीही नव्हती. गिलास वर उलटा ठेवलेला. आणि आवाज माठाच्या आतून येत होता.

त्याने तळहात माठाच्या पोटावर ठेवला. माठ गार होता. आवाज थांबला.

टिंग.

नवा फोटो आला होता, पण वरच्या यादीत नव्हता. 'इतर'पुढे पाच आकडा दिसत होता. बादलला पक्कं आठवत होतं, तिथे चार होते. माघानंतर त्याने तो कप्पा उघडला नव्हता. उघडला नव्हता म्हणजे काय, त्यावर बोट जाऊ नये म्हणून तो फोन जरा तिरपा धरायचा.

आता तो आरशांपाशी परत येऊन बसला आणि त्याने तो उघडला.

पहिला फोटो रिकाम्या माठाचा, वरून आत बघून काढलेला. खाली त्याने स्वतः लिहिलेलं नाव: 'माठ, मातीचा, १'.

दुसरा, उंबरा आणि दाराची खालची फळी. फोटो जमिनीच्या पातळीवरून काढलेला. 'दार'.

तिसरा, सुजून काळा पडलेला पाय. 'चुकून आलेला'.

चौथा, आडवा पडलेला गिलास. 'गिलास, स्टील, १'.

किती नीट लिहिलं होतं. स्वल्पविरामासकट.

माठ रिकामा झाला तशी याडी पाण्याला निघाली आणि उंबऱ्याशीच पडली होती. आजूबाजूची घरं कुलूपबंद, तांडा सगळा उसात, म्हातारी माणसं पार पलीकडच्या टोकाला. हाक ऐकू गेली नाही. तिला एकच गोष्ट करता येत होती, पोराने शिकवलेली. पिवळा चौकोन, कॅमेरा, हिरवी खूण. चार दिवस ती तेच करत राहिली. आणि पोरगा रोज संध्याकाळी तिची हाक व्यवस्थित नाव घालून कप्प्यात ठेवत राहिला.

पहिल्या संध्याकाळी त्याला खटकलं होतं. खोपीत उदयसिंग पाचटाच्या भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. बादल म्हणाला होता, "भिया, याडीनं रिकाम्या माठाचा फोटो धाडला. मले काई बराबर नाई वाटत." उदयसिंग हलला नाही. दिवसभर कोयता चालवून मेल्यासारखा झोपला होता. बादल लाजरा, झोपलेल्याला कसं उठवायचं म्हणून तोही गप्प बसला. आणि त्याने 'इतर' असा कप्पा केला.

तो कप्पा त्या संध्याकाळी, त्या माठासाठीच तयार झाला होता.

५

पाचवा फोटो उघडायला त्याला वेळ लागला.

त्यात अंधारी खोप होती. पाचटाच्या भिंती, कुडाला अडकवलेला कोयता, चुलीवरचं पातेलं. मध्ये बादल बसला होता, हातात फोन, फोनचा उजेड तोंडावर. फोटोतला बादल खाली मान घालून काहीतरी लिहीत होता, आणि हसत होता. काम नीट झालं की माणूस स्वतःशीच हसतो, तसं.

तो फोटो काढायला तिथे कोणी नव्हतं. खोपीला समोर दार होतं आणि दाराबाहेर तोडलेल्या उसाचं मोकळं रान.

कोपऱ्यात अंगठा. सुकून चिरा पडलेला.

फोटोखाली नावाची जागा रिकामी होती. तिथे ती उभी रेघ लुकलुकत होती, नाव लिहायची वाट बघत.

बादलचा राग उसळला. भियावर, रामधनवर, उसावर, त्या पिवळ्या चौकोनावर. फोन आपटायला त्याने हात उचलला आणि तसाच थांबला. हे सगळे राग तो तीन महिने उगाळत होता, ते कशावर पांघरूण घालायला ते त्याला त्या क्षणी दिसलं. राग काढायला समोर आता कोणी उरलं नव्हतं.

मग त्याची नजर धोतरावरच्या आरशांवर गेली.

आरशांत पत्रे दिसत होते. फक्त उंबऱ्याजवळच्या ओळीतल्या आरशांत पत्रे नव्हते. काहीतरी त्यांच्यावर वाकलेलं होतं, प्रत्येक आरशात त्याचा नखाएवढा तुकडा. एकात राखी केस. एकात हललेले कोरडे ओठ. बादलने आरशांवरची नजर उचलून उंबऱ्याकडे पाहिलं नाही. पाहता आलंच नाही. तेवढ्यात पहिल्या आरशावर वरून एक अंगठा टेकला आणि आरसा झाकला गेला. मग दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती, दमादमाने, ओळीने, तो बसला होता त्या बाजूला.

"याडी," तो म्हणाला. "याडी, म्या पाह्यलं होतं."

चौथ्या आरशावर अंगठा आला नाही.

 संगीता आली तेव्हा उन्हं कलली होती. "आरशांवर घाण हात कोनं लावले?" ती म्हणाली आणि पदराने पहिले तीन आरसे पुसू लागली.

६

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बादल दिवस उगवायच्या आत उठला. हातपंपावर जाऊन दोन खेपा आणल्या. जुनं पाणी झाडाला ओतून माठ नव्याने भरला. गिलासभर पाणी उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ठेवलं, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं.

मग फोन घेऊन 'इतर' हे नाव खोडलं आणि तिथे लिहिलं, 'याडी पाणी मागत होती'. 'माठ, मातीचा, १' खोडलं. 'चुकून आलेला' खोडलं. पाचव्या फोटोला नाव दिलं: 'मी, बादल'.

उदयसिंग बाहेर दात घासत होता. संगीता पेटीवर चढून बसली होती, सुईत दोरा ओवत. गाडीवाल्याने उचलायचीच तर मला धरून उचलावी, असं तिने पहाटेच सांगून टाकलं होतं.

"भिया, आत ये."

"मी बाहीरच बरा हाय."

"आज आत ये. मी तुले झोप्या म्हनलो ना, त्याच्याआधी हे सांगाले पायजे होतं. हे पाह्य. हे म्या पाह्यलं होतं. पाहून ठेवून देल्लं होतं."

उदयसिंग आला. उंबऱ्याजवळच्या गिलासाला पाय लागू नये म्हणून लांब टांग टाकून आला. तोंड न धुताच त्याने फोन हातात घेतला. माठ पाहिला. दार पाहिलं. पाय पाहिला, आणि खाली बसला. गिलास पाहिला. बादल मार खायला तयार उभा होता. त्याला मारच हवा होता.

उदयसिंगने पाचवा फोटो उघडला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. कोणी उठलं नाही.

"यात तू कुठं हायेस?" उदयसिंग म्हणाला. "यात तं मी हाव."

बादलने वाकून पाहिलं. तीच खोप. पण फोटो भिंतीच्या बाजूने काढलेला, पाचटाला नाक लावून. समोर उदयसिंगचा चेहरा, मागे बादलच्या फोनचा अंधुक उजेड. चेहऱ्यावरचे दोन्ही डोळे टक्क उघडे.

हॉर्न पुन्हा वाजला.

"रोज दुपारी गिलास खरडते," उदयसिंग फोनला सांगत होता की भावाला, कळत नव्हतं. "म्हटलं पेटी गेली तं जाईन आवाज." त्याने तोंडावरचा फेस मनगटाने पुसला. "त्या दिवशी तू बोलला, ते ऐकलं होतं म्या. उठलो असतो तं तोड सोडून गावाले या लागलं असतं, म्हनून पडून राह्यलो. मी झोपलो नव्हतो रे, बादल."